पायरीवरचं व्याज

यमूताई गेल्याची बातमी मला तिच्या वैऱ्यानं दिली. सकाळची वेळ, उसाच्या शेंड्यांवरचं धुकं अजून उठलं नव्हतं, मी चुलीत लाकडं सारत होते. दारात सावली पडली म्हणून वळले, तर रामजी सरदार. डोक्याला गवताची पाती चिकटलेली, हातात चुंबळ, आणि तोंड असं की मला वाटलं ह्याच्या घरात कुणी गेलं. "वैनी उठत नाय," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "मी भारा खाली टाकलाय." मला आधी दुसरंच वाक्य कळलं. ह्या माणसानं ताईच्या दारात भारा खाली टाकला, म्हणजे काहीतरी मोडलं... मग पहिलं वाक्य कळलं आणि मी तशीच धावले.

ताई पायरीवर बसलेली होती. रोज बसायची तशीच, पाठ खांबाला टेकून, पाय रस्त्याकडे, मांडीवर इनॅमलचा कप दोन्ही हातांत धरलेला. चहा तिनं संपवला होता. डोळे उघडे होते आणि ज्या वळणावरून सरदार रोज यायचा त्या वळणाकडे लागलेले होते. मी तिच्या पायाशी बसले, आणि माझ्या मागे तो म्हातारा रडायला लागला. हुंदके देऊन. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं नाही, संताप आला. माझ्या बहिणीसाठी पहिला रडायचा मान ह्यानं का घ्यावा?

तेराव्याला देवळात त्यानं भाषणही केलं. "वैनी म्हणजे देवमाणूस. आमच्या घरावर तिचे उपकार." लोक माना डोलवत होते. काही खाली मान घालून हसत होते, कारण उपकार कसले ते आमच्या ह्या बेटावरच्या सगळ्या नुव्हेल फ्रांस गावाला ठाऊक आहे. पण नवी पोरं आणि बाहेरगावचे पाहुणे, त्यांना काय कळणार? त्यांनी ते खरंच मानलं. म्हणून आमच्या समाजाच्या वर्तमानपत्रातल्या पुरवणीवाल्यांनी जेव्हा सांगितलं की बहिणीबद्दल चार शब्द लिहा, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी नाहीच बोलणार. जे जिवंत आहेत त्यांच्याबद्दल बोलेन. रामजी सरदाराच्या घरी ही पुरवणी जाते, त्याची सून त्याला वाचून दाखवते. सूनबाई, सावकाश वाच, त्याला कानानं कमी ऐकू येतं.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आमची आई लवकर गेली, त्यामुळे माझी वेणी तिनं घातली, मला बैठकेत, म्हणजे गावच्या संध्याकाळच्या मराठी शाळेत, बाराखडी शिकायला तिनं धाडलं, आणि माझं लग्नही तिनंच हट्टानं स्वतःच्याच गावात जमवलं, डोळ्यांसमोर राहावी म्हणून. तिचे यजमान, आमचे दाजी, साखर कारखान्यात कामाला. भला माणूस, बोलायचा कमी, गोंधळाला मात्र रात्रभर संबळ वाजवायचा. मूलबाळ झालं नाही. राहायला दाजींच्या मोठ्या भावाच्या आवारात, मागच्या बाजूला दोन खोल्या. तो मोठा भाऊ म्हणजे हाच रामजी. मळ्यावर सरदार, म्हणजे ऊस तोडणाऱ्या माणसांचा मुकादम, देवळाचा अध्यक्ष, डोक्यावर गोऱ्या साहेबासारखा पांढरा टोप. तो टोप आंघोळीलाच तेवढा उतरतो असं गावात म्हणायचे. पन्नास सालाच्या आधीच दोन-तीन वर्षं दाजी कारखान्यातल्या पट्ट्यात सापडून गेले. ताई तिशीच्या आत-बाहेर. भरपाई मिळाली. आम्ही कुणी एकरकमी एवढे पैसे पाहिले नव्हते.

त्या पैशांचं काय करायचं हे ताईच्या मनात पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. जागा घ्यायची. लहान का असेना, दगडाधोंड्याची का असेना, पण स्वतःच्या नावावर. "दिराच्या आवारात राहीन मी, सीते, पण मरणार नाही," ती मला म्हणाली होती. दिराच्या आवारात विधवा मेली की तिची ताटवाटी कुणी उचलायची त्यावरसुद्धा भांडणं होतात, हे तिनं पाहिलं होतं. पण तेव्हा कुणी जागा विकत नव्हतं. मळेवाल्यांच्या जमिनी मळेवाल्यांकडेच. एखादा तुकडा मोकळा होईपर्यंत थांबायचं होतं, आणि तोवर पैसे कुठे ठेवायचे हा प्रश्न होता.

आता हा प्रश्न शिकल्या-सवरलेल्यांना सोपा वाटेल. आमच्या घरी त्यावर महिनाभर वाद चालला. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, पोस्टात टाका. ताई सूयाक गावच्या पोस्टात जाऊनही आली. तिथल्या बाबूनं फ्रेंचमध्ये काहीतरी सांगितलं, अंगठ्याची जागा दाखवली, आणि व्याज किती ते विचारल्यावर जो आकडा सांगितला तो ऐकून ताई हसलीच. वर्षभर पैसे त्यांच्याकडे ठेवायचे आणि व्याजात धड एक लुगडं येत नाही! त्यात अंगठेवालीला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार म्हणून घरचा कर्ता पुरुष हवा, म्हणजे परत दीरच. सोनं घ्यावं तर अंगावर घालायची सोय नाही आणि घरात ठेवलं तर झोप नाही. मी म्हटलं, गाय घे. पण सगळा पैसा गायींत घालणं तिला धोक्याचं वाटलं. आणि मग एके दिवशी दीर ओसरीवर येऊन बसला, टोप गुडघ्यावर ठेवला, म्हणजे किती मोठी गोष्ट ते बघा, आणि गोड आवाजात म्हणाला की वैनी, पोस्ट म्हणजे सरकारची तिजोरी, त्यात तुझा पैसा झोपून राहणार. माझ्याकडे ठेव. मी उसात घालतो, पोस्टाच्या तिप्पट देतो. जागा निघाली की त्याच दिवशी मुद्दल तुझ्या ओटीत.

इथे आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर ताई तुम्हाला भोळी वाटेल आणि ती भोळी नव्हती. घरातल्या घरात मोठा व्यवहार झाला की आम्ही तो देवळात करतो. देवासमोर नारळ ठेवायचा, पैसा त्याच्या शेजारी ठेवायचा, घेणाऱ्यानं हळदीच्या हातानं उचलायचा. झालं. कागद करायचा नाही. देवासमोर दिलेल्याचा कागद मागणं म्हणजे देवाला खोटं म्हणणं. आमच्या आजोबा-पणजोबांनी कोकणातून येताना ट्रंकेत काय आणलं असेल ते असो, ही रीत मात्र जपून आणली. ताईनं तसंच केलं. सरदारानं पैसे उचलले, डोळे मिटले, हात जोडले. मी बघत होते.

पहिली दोन वर्षं व्याज आलं. आणि कसं आलं! गणपतीच्या दिवशी, सगळं गाव आरतीला जमलेलं असताना, थाळीत नोटा पसरून, वर लुगडं, वर हळदकुंकवाऐवजी फुलं... "विधवा भावजयीला आम्ही वाऱ्यावर सोडलेली नाय," असं म्हणत तो ती थाळी तिच्या हातात द्यायचा. ताईचं तोंड लाल व्हायचं. पण ती घ्यायची, कारण पैसा तिचाच होता. तिसऱ्या वर्षी थाळीत नुसतं लुगडं. चौथ्या वर्षी थाळीच नाही. आणि त्याच वर्षी चर्चच्या पलीकडचा एक तुकडा विक्रीला निघाला.

ताई मुद्दल मागायला गेली. मी बरोबर होते, म्हणून मला कुणी सांगू नये की असं झालं नाही. सरदार जेवत होता. हात धुऊन आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "कुठले पैसे वैनी? ते तर तू देवाला दिलेस." त्यानं ओले हात पंचाला पुसले. "देवासमोर ठेवलेस ना? नारळ ठेवलास ना? मग? देवळाचं छप्पर कशातून झालं?" देवळाला नवे पत्रे घातले होते खरे, त्या साली. दर्शनी पत्र्यावर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत देणगीदार म्हणून नाव होतं. रामजी सरदाराचंच नाव. आणि पत्र्यांना लागले असतील त्याच्या कितीतरी पट पैशांची उसाची जमीन त्याच साली त्याच्या नावावर झाली होती. पण बोलणार कोण? देवळातला व्यवहार, कागद नाही, आणि देवाला दिलेलं परत मागणारी बाई गावात कुठल्या तोंडानं फिरणार? जातीच्या चार जाणत्यांना ताईनं विचारलं. ते सगळे त्याच्या हाताखाली ऊस तोडणारे. एकानं खांदे उडवून क्रिओलमध्ये म्हटलं, की पू फेर? म्हणजे काय करणार? आमच्या बेटावर ज्याला काही करायचं नसतं तो हेच म्हणतो.

तो तुकडा दुसऱ्यानं घेतला. ताई मळ्यावर कामाला जायला लागली. आणि मुकादम कोण? हाच. बायका उसाची मोळी डोक्यावर घेऊन त्याच्यासमोरून जायच्या, आणि हा टोपाखालून हसत विचारायचा, "काय गो, भारा जड आहे का?" जड म्हटलं की दुसऱ्या दिवशी काम नाही. म्हणून सगळ्या म्हणायच्या, नाय सरदार, हलका आहे. ज्या दिवशी त्यानं ताईला विचारलं त्या दिवशी मी तिच्या मागे होते. तिनं मोळीखाली मान ताठ केली आणि म्हणाली, "हलका आहे." घरी आल्यावर मी शिव्या देत होते, देवाला, दिराला, आमच्या नशिबाला. ती पाय धूत होती. "सीते, शिव्या स्वस्त असतात," एवढंच म्हणाली.

मग तिनं आपल्या पाटल्या विकल्या. आईच्या होत्या त्या. मी भांडले, ती ऐकेना. त्यातून एक कालवड घेतली आणि सूयाकला एका मासेवाल्याच्या बायकोला अर्धेलीवर दिली. म्हणजे गाय ताईची, पण पोसायची तिनं. दूध तिचं, आणि वासरं आळीपाळीनं, पहिलं तिचं, दुसरं ताईचं. आलेलं वासरू ताई आपल्या घरी आणायची नाही, दुसऱ्या कुणाला तरी परत अर्धेलीवर द्यायची. एक आमच्या मामेबहिणीकडे, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, पेती राफ्रेला. एक माझ्याकडे. मी म्हटलं, आयो ताई, सगळ्या इथेच ठेव ना, डोळ्यांसमोर राहतील. ती म्हणाली, सगळा पैसा एका माणसाच्या गोठ्यात बांधून बघितला, आता नाही. दर रविवारी बसनं एकेका गायीला भेटून यायची. गायीच्या पाठीवर हात फिरवून मला सांगायची, "पोस्टातल्या बाबूपेक्षा बरी. शेपटी तरी हलवते."

आता गाऱ्हाण्याची गोष्ट. तीही सांगणारच. वर्षाच्या मोठ्या पूजेला आमच्या देवळात गाऱ्हाणं होतं. ज्याला देवाला काही साकडं घालायचं असेल त्यानं नारळ गाऱ्हाणं घालणाऱ्या सखारामनानांच्या हातात द्यायचा, कानात सांगायचं, आणि नाना ते मोठ्या आवाजात देवापुढे मांडणार. प्रत्येक वाक्याला जमलेले पुरुष एका सुरात म्हणणार, "व्हय म्हाराजा!" नाना तेव्हा ऐंशीच्या घरातले, कुणाला न भिणारे, कारण भिण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं. त्या वर्षी ताईनं नारळ दिला. नानांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं, तिच्याकडे एकवार बघितलं, आणि देवाकडे वळले. माणसं सवयीनं ओरडत होती, कुणाचं लक्ष शब्दांकडे नव्हतं. ह्याच्या पोराला नोकरी लागू दे, व्हय म्हाराजा. त्याच्या उसाला पाऊस पडू दे, व्हय म्हाराजा.

"बा देवा म्हाराजा, ह्या यमुनेच्या दादल्याच्या मरणाचे पैसे तुझ्या पदरात पडले असतील तर गोड मानून घे..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि वाटेत दुसऱ्या कुणाच्या पदरात पडले असतील, तर त्याच्या घरावर छप्पर नको ठेवू, त्याच्या डोक्यावर टोप नको ठेवू, त्या डोक्यावर भारा चढव..."

"व्हय म्हाराजा!"

सगळे ओरडले. देवळाचा अध्यक्ष म्हणून पुढच्या रांगेत उभा असलेला रामजी सरदारही ओरडला, सगळ्यांत मोठ्यानं. मग हळूहळू एकेकाला कळायला लागलं की आपण काय म्हटलं. देवळात अशी शांतता पडली की समईची वात चरचरलेली ऐकू आली. सरदाराचं तोंड उघडंच राहिलं होतं. आता म्हटलेलं परत कसं घेणार? देवासमोर म्हटलेलं! नानांनी तेवढ्यात पुढचा नारळ हातात घेतला होता.

नंतर पाच-सहा महिने तो ताठ फिरला. मग साठ सालचं मोठं सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ आलं. ते आमच्यापैकी ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. वाऱ्यानं कुणाचं छप्पर ठेवलं होतं? माझं गेलं, ताईच्या दोन खोल्या गेल्या, देवळाचं गेलं, साहेबाच्या बंगल्याचंसुद्धा अर्धं गेलं. पण गावानं मोजलं ते सरदाराचं. "रामजीचं छप्पर गेलं," एवढंच जो तो एकमेकाला सांगत होता, आपापल्या उघड्या भिंतींआड उभा राहून. त्याचा गोठा पडला, त्याखाली त्याच्या गायी मेल्या. उभा ऊस आडवा झाला, आणि त्या जमिनीवर त्यानं सावकाराचं कर्ज काढलेलं होतं. देवळाचा तो निळ्या नावाचा पत्रा उसात सापडला. ताईनं तो ओढत आणला आणि त्याच्यावर मिरच्या वाळत घातल्या. देवळाला परत दिला नाही, कुणी मागितलाही नाही.

ताईची पेती राफ्रेची गाय त्या वाऱ्यात मेली. बाकीच्या वाचल्या. आणि सरदाराला गावात कुणी पैसा देईना. ज्याला देवानं धरलंय त्याला हात लावायचा कुणी? दुसऱ्या मुकादमाला नेमून मळ्यानंही त्याला घरी बसवलं. शेवटी तो आला. माझ्याच घरी, कारण ताई तेव्हा आमच्याकडे राहत होती. टोप हातात धरून उभा. म्हणाला, वैनी, झालं गेलं विसर, घरात दुधाचा थेंब नाय, एक गाय घेण्यापुरतं दे, व्याज म्हणशील ते देईन. माझ्या हातात लाटणं होतं. देवाशपथ, मी ते त्याच्या डोक्यात घालणार होते. ताईनं माझा हात धरला आणि त्याला बसायला पाट दिला.

"पैसे नाही देणार," ती म्हणाली. "गाय देते. अर्धेलीवर. सगळ्यांना देते त्याच बोलीवर, दूध तुमचं, पहिलं वासरू तुमचं. पण गवत तुम्ही स्वतः कापायचं आणि स्वतः डोक्यावरून आणायचं. मुलानं नाही, सुनेनं नाही, गाडीतून नाही. रोज." आणि हे तिनं नानांना बोलावून नारळ ठेवून त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तो का कबूल झाला? गरज होती म्हणून, आणि भीती होती म्हणून. देवळातल्या नारळाशी एकदा खेळून त्यानं बघितलं होतं. तो गेल्यावर मी विचारलं, ताई, हा काय वेडेपणा, वैऱ्याला गाय? ती लुगड्याचा पदर खोचत म्हणाली, "छपराचं देवानं बघितलं. टोपाचं मला बघायला हवं." डोक्यावर भारा घ्यायचा म्हणजे चुंबळ ठेवावी लागते, आणि चुंबळ ठेवायची म्हणजे टोप काढावा लागतो. हे तिनं केव्हापासून योजलं होतं कोण जाणे.

पुढच्या वर्षी तिनं दोन गायी विकून जागा घेतली. ह्या जागेलाही सगळ्यांनी नावं ठेवली. रस्त्याला लागून, सगळा काळा दगड, वळणावर, बसचा धुरळा आत येणार. खालच्या अंगाला तेवढ्याच पैशात सपाट तुकडा होता. पण उसाच्या शेतांकडून गावात यायला तो एकच रस्ता, आणि गवत उसाच्या बांधावरच मिळतं. ताईनं आधी घर बांधलं नाही, आधी पायरी बांधून घेतली. चांगली रुंद, काळ्या दगडाची, तोंड रस्त्याकडे. मग मागे दोन खोल्या.

आणि तिथे तिचं व्याज सुरू झालं. रोज सकाळी ती व्हॅनिलाचा चहा करून इनॅमलचा कप घेऊन पायरीवर बसायची. वळणावरून आधी गवताचा भारा दिसायचा, मग त्याखाली सरदार. ज्या रस्त्यानं तो टोप घालून बायकांपुढे चालायचा त्याच रस्त्यानं, मान ताणून, घामानं डोळे मिचकावत. पहिले काही महिने लोक आपापली कामं टाकून बघायला यायचे. पायरीसमोर आला की ताई विचारायची, "काय सरदार, भारा जड आहे का?" आणि तो थांबून म्हणायचा, "नाय वैनी, हलका आहे." बस्स. दुसरा शब्द नाही. ती चहाचा घोट घ्यायची आणि तो पुढे जायचा. माझ्या नवऱ्यानं एकदा तिला सांगितलं की आता पोस्टात व्याज थोडं वाढलंय, दोन पैसे तिथे ठेवा. ती म्हणाली, मला इथे रोजच्या रोज मिळतं, वर्षभर थांबावं लागत नाही.

मला एक गोष्ट सलायची, ती मी तिला बोलूनही दाखवली. ह्या सौद्यात त्याचं भलंच झालं. गाय दुधाची निघाली, वासरं झाली, त्यानं कर्ज फेडलं, घराला छप्पर घातलं. हा कसला सूड? ताई हसली. "भलं होऊ दे की. उपाशी माणूस भारा किती दिवस उचलणार?" पण तिच्या जागी मी असते तर त्याला मारकी गाय दिली असती, हे लिहून ठेवते.

झेंडा बदलला, आपलं राज्य आलं, रस्ता डांबरी झाला, पहिली गाय जाऊन तिचीच कालवड त्याच बोलीवर त्याच्या गोठ्यात आली, तरी भारा येत राहिला. शेवटची आमची भेट आदल्या दिवशी संध्याकाळी झाली. मी तिच्याकडे डाळपुरी घेऊन गेले होते. खाता खाता ती म्हणाली, "सरदाराची मान आता एका बाजूला वाकलीय बघ. डाव्या." मी म्हटलं, मग? सोडणार आहेस की काय त्याला? तिनं बोटं चाटली, पाणी प्याली... "गाय गाभण आहे," म्हणाली. "बघू." तिला काय म्हणायचं होतं ते मी दहा वेळा उलटसुलट करून पाहिलं. सोडायचं म्हणत होती की नव्हती? मला माहीत नाही, आणि आता मला सांगायला ती नाही.

तेराव्याच्या भाषणानंतर दोन दिवसांनी सरदार माझ्याकडे आला. ताईनं जागा आणि गाय माझ्या नावानं ठेवली आहे हे त्याला कळलं होतं. टोप काढला, पाटावर बसला. म्हणाला, वैनी होती तवर गोष्ट वेगळी. आता गाय विकू या, अर्धं तुझं, अर्धं माझं. तू पैसे लापोसला टाक, आता पोस्टवाले चांगले वागतात. "माझ्या मानेला झेपत नाय, सीता." खरंच झेपत नव्हतं, ते दिसत होतं. माझ्या डोळ्यांसमोर ताईची मोळीखाली ताठ केलेली मान आली. तिच्या मानेला झेपतं का, असं ह्यानं कधी विचारलं होतं? मी त्याला चहा दिला. आणि सांगितलं की ताईनं मला गाय ठेवली आहे, तीही त्याच नारळावरच्या बोलीवर, पैसे नाहीत. पोस्टात व्याज कमी मिळतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले, ताईच्या घराचं दार उघडलं, व्हॅनिलाचा चहा केला. तिचा कप तिथेच फळीवर होता. पायरी दवानं ओली होती, मी पदरानं पुसली आणि तिच्या जागी बसले. खांब तिच्या पाठीनं गुळगुळीत झालेला, तो माझ्या पाठीला बरोबर बसला नाही, मी तिच्यापेक्षा बुटकी आहे. वळणावर भारा दिसला. आधी भारा, मग तो. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याचे पाय पायरीसमोर आपोआप थांबले, आणि मग त्यानं पायरीवर मला बघितलं.

"काय सरदार," मी विचारलं, "भारा जड आहे का?"

तो उभा राहिला. वाकडी मान, डोळ्यांत घाम. मग म्हणाला, "जड आहे."

इतक्या वर्षांत ताईला हे एकदाही ऐकायला मिळालं नव्हतं. मी चहाचा घोट घेतला. तो निवला होता, पण प्याले. माझं काही बोलणं येतंय का, म्हणून तो थांबला होता. मी आणखी एक घोट घेतला, तेव्हा तो पुढे निघाला, हळूहळू, दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिले. मग उठले, कप धुतला, आणि पायरीवरच उपडा घातला. उद्या लागणार आहे.